सोंग, चौकट आणि सत्य



ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेंतील विद्यापीठांच्या आवारांत विद्यार्थ्यांचीं चित्रपटमंडळें भुताखेतांचीं चित्रें दाखवीत असतात. ३१ ऑक्टोबरची रात्र तिकडे 'हॅलोवीन' म्हणून पाळली जाते, व त्या रात्रीं घटकाभर भिऊन घेणें ही एक करमणूकच समजतात. अशा प्रसंगीं दाखविल्या जाणाऱ्या चित्रांत ब्रिटनमधील एक जुना दूरचित्रवाणी-कार्यक्रम आहे. त्याचें नांव 'घोस्टवॉच'. 'भुतावरील पहारा' असें त्याचें मराठी करतां येईल. सभागृहांत दाटीवाटीनें बसलेले तरुण तो पाहतांना किंचाळतात, लगेच स्वतःच्या किंचाळण्यास हंसतात, आणि दिवे लागले म्हणजे गप्पा मारीत आपापल्या खोलीवर जातात. पण हाच कार्यक्रम १९९२ सालीं ज्या रात्रीं प्रथम दाखविण्यांत आला, त्या रात्रीं अनेक घरांतील लहानथोर माणसें खरोखर भ्यालीं, व कांहीं घरांतील ती भीति पुढें कित्येक आठवडे गेली नाहीं.

चित्र तेंच, आवाज तोच, पाहणाऱ्यांचे डोळेहि आपल्यासारखेच. मग एका ठिकाणीं हंसूं व दुसऱ्या ठिकाणीं भय, हा फरक कशामुळें पडला? या एका प्रश्नाचा विचार करणें हा प्रस्तुत पाठाचा हेतु आहे. भूत आहे किंवा नाहीं, या वादांत आपणांस येथें शिरावयाचें नाहीं. खोटें हें खऱ्याचा वेष कसा धारण करतें, आणि तो वेष ओळखावयाचा कसा, एवढेंच आपण पाहणार आहों.

हॅलोवीन म्हणजे काय?

प्रथम त्या दिवसाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. पाश्चात्य ख्रिस्ती मंडळींत १ नोव्हेंबर हा सर्व पवित्र जनांच्या स्मरणाचा दिवस आहे. 'हॅलो' या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ पवित्र जन, आणि 'ईन' हें संध्याकाळ या अर्थाच्या शब्दाचें झिजलेलें रूप. अर्थात् हॅलोवीन म्हणजे त्या सणाची आदली संध्याकाळ. आयर्लंड व स्कॉटलंड येथील लोकांच्या जुन्या चालीरीति या संध्याकाळीं येऊन मिळाल्या. तेथून देशांतर करणाऱ्यांनीं त्या अमेरिकेंत नेल्या. आणि मुखवटे, कोरलेल्या भोपळ्यांतील दिवे, दारोदार जाऊन खाऊ मागणारीं मुलें, असें त्या रात्रीचें आजचें रूप बनलें.

आपल्या वसई, मुंबई व गोवें या भागांतील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांना या दिवसांची ओळख निराळ्या रीतीनें आहे. २ नोव्हेंबर रोजीं तीं दफनभूमींत जातात, आपल्या माणसांच्या कबरी स्वच्छ करतात, फुलें वाहतात, मेणबत्त्या लावतात व प्रार्थना करतात. तेथें मृतांचें भय नसतें, आठवण असते. असो. हॅलोवीनच्या रात्रीं ब्रिटनमधील लोक भुताच्या खेळाची अपेक्षा करीतच होते, एवढें लक्षांत ठेवून आपण पुढें जाऊं.

३१ ऑक्टोबर १९९२

तो शनिवार होता. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन, म्हणजे बी. बी. सी., या संस्थेच्या पहिल्या दूरचित्रवाणी-वाहिनीवर रात्रीं ९ वाजून २५ मिनिटांनीं 'घोस्टवॉच' सुरू झाला. त्याचे लेखक स्टीफन व्होल्क, व दिग्दर्शिका लेस्ली मॅनिंग. सुमारें १ कोटि १० लक्ष प्रेक्षकांनीं तो पाहिला असें सांगतात. वास्तविक तें दीड तासाचें एक नाटक होतें व कांहीं महिने आधींच त्याचें चित्रण होऊन गेलें होतें. नाटकें दाखविण्याच्या नेहमींच्या मालेंतच तें दाखविण्यांत आलें. आरंभीं लेखकाचें नांव झळकलें. शेवटीं नटनटींचीं नांवेंहि आलीं. तथापि मधल्या दीड तासांत त्यानें जें रूप धारण केलें होतें तें नाटकाचें नव्हतें. 'हें सर्व या क्षणीं प्रत्यक्ष घडत आहे' असें तें रूप होतें.

कथानक असें: लंडनच्या नॉर्थोल्ट या उपनगरांत एका साध्या घरांत एक आई व तिच्या दोन मुली राहतात. रात्रीं भिंतींतून ठोकल्यासारखे आवाज येतात. ते पाण्याच्या नळांचे असावे असें आईनें एकदां सांगितल्यामुळें मुलींनीं त्या अदृश्य पाहुण्यास 'पाइप्स' असेंच नांव ठेवलें आहे. बी. बी. सी. ची मंडळी कॅमेरे घेऊन रात्रभर त्या घरांत पहारा करतात. इकडे मुख्य कार्यालयांत सूत्रचालक व एक विदुषी बसून त्या चित्रांची चर्चा करतात. हळूहळू गोष्टी बिघडत जातात. शेवटीं घरांतील निवेदिका जिन्याखालच्या अंधाऱ्या कोठडींत अडकते, कार्यालयांतील दिवे जातात, आणि ज्याच्या धीरगंभीर बोलण्यावर सर्वांचा विश्वास, तो सूत्रचालकच परक्या आवाजांत बडबडूं लागतो. येथें कार्यक्रम संपतो.

सोंग कसें रचलें?

विद्यार्थ्यांनीं अभ्यास करण्याजोगा भाग हाच होय. नुसती भुताची गोष्ट सांगून कोटि लोकांपैकीं कोणास फसवितां आलें नसतें. कर्त्यांनीं जीं साधनें योजिलीं तीं एकेक पाहूं.

पहिलें साधन, ओळखीचे चेहरे. सूत्रचालक म्हणून बसले होते मायकेल पार्किन्सन (१९३५–२०२३). मोठमोठ्या लोकांच्या मुलाखती घेणारे म्हणून त्यांची ख्याति होती, आणि या नाटकांत ते पार्किन्सन म्हणूनच वावरले. घरांत गेलेल्या सारा ग्रीन या मुलांच्या कार्यक्रमांतून घराघरांत परिचित झालेल्या होत्या. दूरध्वनींची नोंद घेणारे माइक स्मिथ हे प्रत्यक्षांतहि त्यांचे पति होते. राजाच्या वेषांतील नट पाहतांच हा राजा नव्हे हें आपणांस कळतें. पण जो माणूस स्वतःच्याच नांवानें, स्वतःच्याच पोषाखांत, आपला नेहमींचाच धंदा करीत समोर येतो, तो नाटक करीत आहे असें कोणाच्या मनांत यावें?

दुसरें साधन, दूरध्वनीचा क्रमांक. प्रेक्षकांनीं आपले अनुभव कळवावे म्हणून पडद्यावर एक क्रमांक दाखविला जात होता. तो कल्पित नव्हता; बी. बी. सी. च्या इतर कार्यक्रमांत नेहमीं दिला जाणारा खराच क्रमांक होता. ज्यांचा फोन लागला त्यांस, हा कार्यक्रम काल्पनिक आहे असें ध्वनिमुद्रित वाक्य ऐकावयास मिळे. परंतु इतक्या लोकांनीं एकदम फोन केले कीं पुष्कळांस लाइन गुंतलेली असल्याचा आवाज तेवढा ऐकूं आला. ज्या दारानें सत्य बाहेर यावयाचें, तें दार गर्दीनेंच बंद झालें. आणि तें बंद झालेलें पाहून, 'एवढे लोक फोन करीत आहेत त्याअर्थीं कांहींतरी घडत आहे' असा उलटाच तर्क होऊं लागला.

तिसरें साधन, विज्ञानाची भाषा. उष्णता टिपणारे कॅमेरे, उपकरणें, संशोधन करणारी विदुषी, आणि तिच्या म्हणण्यावर शंका घेणारे दुसरे तज्ज्ञ, अशी सर्व सामुग्री तेथें होती. विदुषीचें काम एका नटीनें केलें होतें. शंकेखोरास जागा दिलेली पाहून प्रेक्षकास वाटलें कीं येथें दोन्ही बाजू ऐकून घेतल्या जात आहेत. मग हें खोटें कसें असेल?

चौथें साधन सर्वांत चतुर होय. कार्यक्रम अर्ध्यावर आला असतां थोरली मुलगी स्वतःच ठोकण्याचे आवाज करतांना पकडली जाते. सर्वांस वाटतें, चला, लबाडी उघडकीस आली. प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडतो, आणि ज्यांनीं ही लबाडी प्रामाणिकपणें दाखविली त्यांच्यावर त्याचा विश्वास दुणावतो. त्यानंतर भीतीचे खरे प्रसंग सुरू होतात. लहान खोटें स्वतः कबूल करून मोठें खोटें पचविणें ही युक्ति फार जुनी आहे. बाजारांतील लबाड व्यापारी एक नासका आंबा आपण होऊन बाजूस काढून दाखवितो, तो याचसाठीं.

पांचवें साधन, अर्धवट दर्शन. भुताची आकृति पडद्यावर क्षणमात्र येते व जाते. ती कोणास दिसते, कोणास दिसत नाहीं. एक दृश्य पुन्हां दाखवितात तों पहिल्यानें दिसलेली आकृति तेथें नाहीं. पाहणारा स्वतःच्या डोळ्यांशीं भांडूं लागतो, शेजारच्यास विचारतो, आणि नकळत त्या भयाचा सहकर्ता बनतो. दुसऱ्यानें घातलेल्या भीतीपेक्षां आपणच पुरी केलेली भीति अधिक बळकट असते.

परिणाम

त्या रात्रीं बी. बी. सी. कडे हजारों फोन गेले. पुढें दहा वर्षांच्या दोन मुलांविषयींची हकीकत डॉक्टरांनीं १९९४ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या वैद्यकाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केली. कार्यक्रम पाहिल्यापासून त्या मुलांना अंधाराची भीति, वाईट स्वप्नें आणि एकटें राहण्याची धास्ती यांनीं ग्रासलें होतें. मोठ्या आघातानंतर मनास जी व्याधि जडते ती दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमानें जडल्याचें उदाहरण म्हणून डॉक्टरांनीं ती नोंदविली. एका कुटुंबानें आपल्या तरुण मुलाच्या मृत्यूचा दोष या कार्यक्रमाकडे दिला व तक्रार वरपर्यंत नेली. प्रक्षेपणावर देखरेख करणाऱ्या मंडळानें १९९५ सालीं निर्णय दिला, त्याचा आशय असा कीं, हें सोंग आहे हें नुसतें सुचविणें पुरेसें नव्हतें. तें स्पष्ट करण्याचें कर्तव्य बी. बी. सी. नें पार पाडलें नाहीं.

ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर तो कार्यक्रम पुन्हां कधींहि दाखविला गेला नाहीं. २००२ सालीं ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनें तो विकत मिळण्याची सोय केली, आणि तेव्हांपासून तो विद्यार्थ्यांच्या मंडळांत व सभागृहांत अभ्यासाचा व करमणुकीचा विषय होऊन राहिला आहे.

पूर्वींचीं दोन उदाहरणें

हा प्रकार १९९२ सालीं नव्यानें उत्पन्न झाला असें नाहीं. १६ जानेवारी १९२६ रोजीं रोनाल्ड नॉक्स यांनीं बी. बी. सी. च्या एडिंबरो येथील केंद्रावरून एक विनोदी भाषण केलें. हे नॉक्स रोमन कॅथलिक धर्मगुरु होते. पुढें त्यांनीं पवित्र शास्त्राचें इंग्रजी भाषांतर केलें, व रहस्यकथाहि लिहिल्या. त्यांचें भाषण बातम्यांचें सोंग घेऊन आलें होतें. लंडनमध्यें जमाव खवळला आहे, चित्रांचें राष्ट्रीय संग्रहालय लुटलें गेलें, बिग बेनचा मनोरा तोफांनीं पाडला, अशा वार्ता मधूनमधून संगीत व मोडतोडीचे आवाज घालून सांगण्यांत आल्या. दंगलीचा पुढारी कोण, तर नाटकगृहापुढील रांगा बंद करण्याच्या चळवळीचा चिटणीस! इतकी थट्टा उघड असतांनाहि, व हें विनोदी आहे असें आधीं सांगितलें असतांनाहि, अनेक श्रोते घाबरले. दुसऱ्या दिवशीं हिमवर्षावामुळें कित्येक गांवीं वर्तमानपत्रें वेळेवर पोंचलीं नाहींत, तेव्हां लंडन खरेंच पडलें असें लोकांस वाटलें. दुसरा साक्षीदार वेळेवर न आला म्हणजे पहिल्याचें खोटें कसें बळावतें, याचें हें उदाहरण.

दुसरें उदाहरण अमेरिकेंतील. ३० ऑक्टोबर १९३८ रोजीं, म्हणजे हॅलोवीनच्या आदल्या रात्रीं, २३ वर्षांच्या ऑर्सन वेल्स यांनीं एच. जी. वेल्स यांच्या १८९८ सालच्या कादंबरीवरून नभोनाट्य सादर केलें. नृत्यसंगीत चालू आहे, तें मध्येंच थांबवून निवेदक सांगतो कीं न्यू जर्सी प्रांतांत मंगळावरील प्राणी उतरले आहेत. आरंभीं व मध्यें हें नाटक असल्याचें सांगितलें होतें; पण जे उशिरां ऐकूं लागले त्यांना तें ठाऊक नव्हतें. दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांनीं 'सारें राष्ट्र भयभीत' अशा आशयाचे मोठे मथळे दिले.

येथें विद्यार्थ्यांनीं आणखी एक गोष्ट टिपून ठेवावी. त्या रात्रीं ५,००० घरांत फोन करून जी चौकशी झाली होती तींत हें नाटक ऐकणारे शेंकडा २ च निघाले. आणि अलीकडच्या संशोधकांचें मत असें आहे कीं कांहीं लोक घाबरले हें खरें, पण राष्ट्रव्यापी घबराटीची हकीकत वर्तमानपत्रांनीं फुगविलेली होती. त्या काळीं रेडिओ हा वर्तमानपत्रांच्या जाहिराती ओढून नेत होता, तेव्हां त्याला बेजबाबदार ठरविण्यांत त्यांचा लाभ होता. म्हणजे फसवणुकीची बातमीसुद्धां पारखून घ्यावी लागते!

चौकट म्हणजे काय?

आतां आपल्या मूळ प्रश्नाकडे वळूं. आपल्याकडे बहुरूपी येतो. पोलिसाचा पोषाख करून तो दारांत उभा राहतो, घरधन्यावर नाहीं नाहीं ते आरोप ठेवतो, 'चला चावडीवर' म्हणून दरडावतो. लहान मुलें आईच्या पदराआड जातात. घटकाभरानें तो हंसतो, हात जोडतो व बिदागी मागतो. मुलें पदराबाहेर येतात, आणि मघांच्या भीतीचीच त्यांस मौज वाटूं लागते. सोंग उतरविणें हा सोंगाचाच भाग आहे. जो दारावर येऊन दरडावून जाईल व सोंग कधींच उतरविणार नाहीं, त्यास आपण बहुरूपी म्हणणार नाहीं, तोतया म्हणूं.

नाटकाचेंहि तसेंच. नांदी होते, पडदा वर जातो. शेवटीं भरतवाक्य होतें, पडदा पडतो. या दोन टोकांमध्यें जें चालतें तें खेळ, हें सर्वांस ठाऊक असतें. ही जी दोन टोकांची मर्यादा, तिलाच मी चौकट म्हणतों. चित्राभोंवतीं लाकडी चौकट असते म्हणून भिंतीवरील वाघास आपण भीत नाहीं.

पवित्र शास्त्रांत नाथान संदेष्ट्याची गोष्ट आहे. दाविदानें दुसऱ्याची पत्नी हिरावून तिच्या पतीचा घात करविला होता. नाथानानें त्याच्यापुढें एका धनवानाची फिर्याद मांडली: घरीं मेंढरांचे कळप असतांना त्यानें गरीब शेजाऱ्याची जीवापाड वाढविलेली एकुलती मेंढी मारून पाहुण्यास जेवूं घातली. राजा ती घडलेली गोष्ट समजला व संतापून त्या माणसास शिक्षा सांगूं लागला. त्या क्षणीं नाथानानें गोष्टीवरचा पडदा काढला आणि तो माणूस खुद्द राजाच आहे असें त्यास सांगितलें. नाथानानेंहि कल्पित गोष्ट खऱ्यासारखीच सांगितली होती. परंतु त्याचा हेतु सत्य दाखविण्याचा होता, आणि वेळ येतांच त्यानें वेष उतरविला. सोंग घेणें हें पाप नव्हे. सोंग कशासाठीं, आणि तें उतरविलें कीं नाहीं, हा खरा प्रश्न आहे.

आतां सभागृहांत बसलेला विद्यार्थी व १९९२ सालचा प्रेक्षक यांची तुलना करा. विद्यार्थ्यानें दारावरची जाहिरात वाचलेली असते. हें नाटक आहे व तें जुनें आहे हें त्यास ठाऊक असतें. शेजारीं मित्र असतात. शेवटीं दिवे लागतात. चारी बाजूंनीं चौकट भक्कम. उलट घरीं बसलेल्या एखाद्या मुलानें आरंभींचीं नांवें पाहिलेलीं नसतील. त्याचे विश्वासाचे चेहरेच त्यास भिववीत होते. आणि शेवटीं समजूत घालणारा कोणी आलाच नाहीं. कर्त्यांनीं चौकट अजिबात काढली नव्हती हें खरें; पण ती इतकी पुसट केली कीं जाणत्यास ती दिसली व अजाणास दिसली नाहीं. प्रभूनें लहानांस अडखळविणाऱ्यांविषयीं किती कडक शब्दांत इशारा दिला आहे हें आपण वाचतों. जाणत्यांची करमणूक व्हावी म्हणून अजाणांनीं किंमत द्यावी काय, हा प्रश्न 'घोस्टवॉच' आपल्यापुढें टाकतो.

आजची चौकट नसलेलीं चित्रें

बी. बी. सी. च्या त्या चित्रास पुसट कां होईना, चौकट होती. आज आपल्या हातांतील मोबाइलवर जीं चित्रें येतात त्यांस बहुधा तीहि नसते. कराची शहरांत हरवलेल्या मुलांसाठीं काम करणाऱ्या एका संस्थेनें पालकांस सावध करण्यासाठीं एक लहानशी चित्रफीत केली होती. रस्त्यांत मुलें खेळत आहेत; मोटारसायकलवरून दोघे येतात व एका मुलास उचलून नेतात. थोड्या वेळानें ते परत येऊन मुलास सुखरूप सोडतात आणि पालकांनीं सावध राहावें असा फलक दाखवितात. नाथानाच्या गोष्टीसारखीच ही रचना. परंतु कोणीतरी तिचा शेवटचा भाग कापला, आणि उरलेली चित्रफीत 'मुलें पळविणारी टोळी आली आहे' या मजकुरासह २०१८ सालीं भारतभर व्हॉट्सॲपवरून फिरली. नटांचें सोंग होतें. सोंग उतरविण्याचा तुकडा तेवढा नाहींसा केला.

त्याच दिवसांत मुलें पळविणाऱ्यांच्या अफवा आपल्या खानदेशांतहि पसरल्या होत्या. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत, राईनपाडा या गांवीं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच इसम आले होते. ते भिक्षा मागून पोट भरणारे भटके लोक होते. बाजाराचा दिवस होता. मुलें पळविणारे हेच, अशा संशयानें जमावानें त्यांस ग्रामपंचायतीच्या कार्यालयांत कोंडून मारहाण केली. पांचही जण प्राणांस मुकले. त्यांचें म्हणणें ऐकून घेण्याइतका धीर कोणाजवळ नव्हता. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठवितां येऊं नये असें बंधन घातलें. मित्रांनो, भुताच्या गोष्टीनें माणूस पांघरूण ओढून निजतो. अफवेनें माणूस काठी उचलतो. म्हणून हा विषय केवळ करमणुकीचा नव्हे.

आपण काय करावें?

बिरुया येथील लोकांनीं पौलासारख्या प्रेषिताचें बोलणेंहि शास्त्राशीं ताडून पाहिलें, आणि त्याबद्दल त्यांस दोष न देतां थोर मनाचे म्हटलें आहे. थोमानें पुरावा मागितला. प्रभूनें त्यास दूर लोटलें नाहीं, आपले हात दाखविले. मात्र पुरावा मिळाल्यावर थोमानें विश्वास ठेवला, हेंहि विसरूं नये. कांहींच खरें मानावयाचें नाहीं, ही पारख नव्हे. तो आळसच होय.

यासाठीं कोणतेंहि चित्र किंवा निरोप पुढें आला असतां चार प्रश्न विचारण्याची संवय लावून घ्या. हें कोणीं केलें? हें केव्हांचें व कोठलें? याच्या आधीं व नंतर काय होतें, म्हणजे यांतून कांहीं कापलें आहे काय? आणि हें पाहून मीं काय करावें अशी पाठविणाऱ्याची इच्छा आहे? चौथ्या प्रश्नाचें उत्तर 'ताबडतोब घाबर' किंवा 'ताबडतोब पुढें पाठव' असें येईल, तर पहिले तीन पुन्हां विचारा. मोशाच्या नियमशास्त्रानें दोन किंवा तीन साक्षीदारांवांचून कोणास दोषी ठरवूं नये असें सांगितलें आहे. तो नियम व्हॉट्सॲपलाहि लागू आहे. दुसरा साक्षीदार मिळेपर्यंत बोट आवरावें.

पालकांस विनंति एवढीच कीं मुलांस भीतिदायक चित्रें पाहावयाची झाल्यास तीं एकटीं पाहूं देऊं नयेत. शेजारीं बसावें, आणि चित्र संपल्यावर दिवा लावून तें कसें बनविलें असेल याविषयीं बोलावें. 'त्यांत काय भ्यावयाचें?' असें म्हणून मुलाची थट्टा करूं नये. भय खोट्या गोष्टीचें असलें तरी मुलाला झालेलें भय खरेंच असतें. ज्या घरांत मूल निःसंकोचपणें 'हें खरें आहे का?' असें विचारूं शकतें, त्या घरांतील चौकट कोणासहि सहज पुसतां येणार नाहीं.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. 'घोस्टवॉच' मध्यें थोरल्या मुलीची लबाडी पकडली जाते, त्यामुळें प्रेक्षकांचा विश्वास कमी होण्याऐवजीं वाढला. असें कां झालें?

२. बहुरूपी व तोतया यांतील फरक आपल्या शब्दांत लिहा.

३. १९२६ सालीं वर्तमानपत्रें वेळेवर न पोंचल्याचा, आणि १९९२ सालीं दूरध्वनी न लागल्याचा परिणाम सारखाच कसा झाला?

४. गेल्या महिन्यांत आपल्या घरीं मोबाइलवर आलेला एक निरोप घेऊन त्यास वरील चार प्रश्न लावा. उत्तर आईवडिलांस वाचून दाखवा.